ट्राकेनर घोडी घ्यावी का? जातीचा इतिहास, स्वभाव आणि उपयोग

प्रश्न असा आहे: स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील पंधरा वर्षांची मुलगी गेली सहा वर्षे घोडेस्वारी शिकते आहे. आता तिच्या प्रशिक्षिकेने तिच्यासाठी नऊ वर्षांची एक ट्राकेनर घोडी सुचवली आहे. तबेल्यातील इतर पालक मात्र ‘ही जात तापट असते’ असे सांगतात. म्हणून तिच्या आईने विचारले आहे की ही जात मुळात कुठली, तिचा स्वभाव खरोखर कसा असतो, ती कोणत्या कामाला चांगली, आणि पुढेमागे पुण्याला परतायचे ठरले तर घोडी सोबत आणता येईल का.

मी पुण्यात शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेड घोड्यांना पुन्हा स्वारीसाठी तयार करण्याचे काम बरीच वर्षे केले आणि त्यानंतर उत्तर जर्मनीतील एका तबेल्यात तरुण घोडे शिकवले. ट्राकेनर घोड्यांशी माझा संबंध तिथे आला. तुमच्या प्रश्नातील ‘तापट’ या शब्दाकडे मी थोड्या वेळाने येतो. त्या शब्दामागे जे दडलेले आहे ते या जातीच्या इतिहासाशिवाय नीट समजणार नाही, म्हणून आधी इतिहास सांगतो.

‘वॉर्मब्लड’ या शब्दाचा रक्ताच्या तापमानाशी काहीही संबंध नाही. अरबी आणि थरोब्रेड हे चपळ, तल्लख घोडे ‘हॉटब्लड’ म्हणून ओळखले जातात आणि नांगराला किंवा जड गाड्यांना जुंपायचे धिप्पाड, संथ घोडे ‘कोल्डब्लड’ म्हणून. या दोहोंच्या मधले, स्वारीला आणि खेळाला योग्य असे जे घोडे युरोपात तयार झाले त्यांना वॉर्मब्लड म्हणतात. हानोव्हर, होल्स्टाइन, ओल्डेनबर्ग, हॉलंड अशा प्रदेशांची आपापली वॉर्मब्लड नोंदवही, म्हणजे जातीच्या वंशावळीची अधिकृत वही, आहे आणि यांतील बहुतेक नोंदवह्या एकमेकींचे वळू, म्हणजे पैदाशीचे नर घोडे, मोकळेपणाने स्वीकारतात. त्यामुळे आजचा हानोव्हेरियन घोडा वंशाने निम्मा दुसऱ्याच प्रदेशाचा असू शकतो. ट्राकेनर येथे वेगळा पडतो. त्याची नोंदवही बंद आहे. तिच्यात ट्राकेनरखेरीज केवळ थरोब्रेड, अरबी, अँग्लो-अरब (या दोहोंचा संकर) आणि शाग्या अरब (अरबी वंशातूनच घडलेली जात) यांचेच रक्त घेतले जाते, दुसऱ्या कोणत्याही वॉर्मब्लडचे नाही. तुम्हाला सुचवलेल्या घोडीचा स्वभाव समजून घेताना ही एक गोष्ट सर्वांत जास्त उपयोगी पडेल.

या जातीचे नाव एका गावावरून आले आहे. पूर्व प्रशियात, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठच्या तेव्हाच्या जर्मन प्रांतात, गुम्बिनेन आणि स्टालुपोनेन या गावांच्या दरम्यान ट्राकेनेन नावाचा दलदलीचा प्रदेश होता. प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला याने आपल्या सैनिकांकरवी तेथे चर खोदून पाणी काढले, जमीन कुरणायोग्य केली आणि ठिकठिकाणी विखुरलेल्या राजघराण्याच्या पागा एकत्र करून 1732 मध्ये तेथे अश्वपैदास केंद्र उघडले. सुरुवातीला सुमारे अकराशे घोडे होते. त्या प्रदेशात पूर्वीपासून ‘श्वाइके’ नावाचे लहान चणीचे, काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारे घोडे होते. त्या काटकपणावर पुढच्या पिढ्यांनी अरबी आणि इंग्लिश थरोब्रेड रक्ताचा वेग आणि रेखीवपणा चढवला.

राजाला हवे होते टपालाच्या आणि राजेशाही गाड्यांचे घोडे. पुढे हे केंद्र शासकीय झाले आणि काउंट लिंडेनाऊ यांनी त्याचा कारभार हाती घेतला. त्यांनी केंद्रातील वळूंची अतिशय कडक निवड केली आणि निम्म्याहून अधिक वळू काढून टाकले. त्यांच्याच काळात, 1787 पासून, केंद्रातील घोड्यांच्या उजव्या मांडीवर एल्क हरणाच्या सात टोकांच्या शिंगाचा डाग देण्याची पद्धत सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात गाडीपेक्षा घोडदळाची गरज मोठी झाली. ट्राकेनेनचे वळू प्रांतभर पाठवले जात, शेतकरी आपल्या घोड्या त्यांच्याकडून फळवून घेत, शिंगरू तीन वर्षांचे झाले की सैन्याचे खरेदीदार येत, आणि जे घोडे नापास होत ते शेतात राबत. पूर्व प्रशियातील शेतकऱ्याला घोडा म्हणजे नांगर, गाडी, स्वारी आणि रोख पैसा हे सर्व एकाच दावणीला बांधल्यासारखे होते. त्यामुळे नुसता देखणा पण दिवसभर चालू न शकणारा घोडा त्याच्या काहीच उपयोगाचा नव्हता.

ट्राकेनेनमध्ये घोड्यांचे कळप रंगाप्रमाणे ठेवत. काळ्या घोड्यांचा कळप वेगळा, तांबूस वेगळा, तपकिरी वेगळा आणि मिश्र रंगांचा वेगळा. विसाव्या शतकाच्या आरंभी केंद्रप्रमुख बुर्खार्ड फॉन ओटिंगन यांनी तरुण घोड्यांची परीक्षा शिकारी कुत्र्यांच्या मागे, मोकळ्या रानात, चरांवरून उड्या मारत घेण्याची प्रथा पक्की केली. त्या कुरणांतून पाण्याचे चर होते आणि चरातच कुंपण उभारलेले असे. इव्हेंटिंगच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या चाली, रानातील दौड आणि उड्या अशा तिहेरी स्पर्धेच्या, मैदानावर आजही चरावर आडवा ओंडका टाकलेल्या अडथळ्याला ‘ट्राकेनर’ म्हणतात. तुमच्या मुलीने हे नाव कदाचित अडथळ्याचे म्हणूनच प्रथम ऐकले असेल. ओटिंगन यांनीच इंग्लंडमधून ‘परफेक्शनिस्ट’ हा थरोब्रेड वळू आणला. त्याचा पुत्र ‘टेम्पेलह्युटर’ इतका मोलाचा ठरला की केंद्राच्या द्विशताब्दीला, 1932 मध्ये, त्याचा पूर्णाकृती कांस्यपुतळा ट्राकेनेनमध्ये उभारण्यात आला. युद्धानंतर तो पुतळा मॉस्कोला गेला. त्याची प्रतिकृती फेर्डेन येथील जर्मन अश्व संग्रहालयापुढे आहे. तुम्ही कधी ब्रेमेनकडे गेलात तर वाट थोडी वाकडी करून मुलीला तो अवश्य दाखवा.

1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये या पैदाशीचे फळ दिसले. ड्रेसाजमध्ये (ठरवून दिलेल्या चालींच्या स्पर्धेत) ‘क्रोनोस’ला सुवर्ण आणि ‘अब्सिंट’ला रौप्यपदक, इव्हेंटिंगमध्ये ‘नुर्मी’ला सुवर्णपदक. तिन्ही घोडे पूर्व प्रशियाचे.

त्यानंतर नऊच वर्षांनी ही जात जवळपास संपली. ऑक्टोबर 1944 मध्ये सोव्हिएत सैन्य जवळ येताच ट्राकेनेनचे केंद्र रिकामे करण्यात आले. प्रांतातील सामान्य शेतकऱ्यांना मात्र निघण्याची परवानगी जानेवारी 1945 पर्यंत मिळाली नाही. शेवटी ते निघाले ते कडाक्याच्या थंडीत, बर्फाने भरलेल्या रस्त्यांवरून, मागून तोफांचे आवाज येत असताना. घरातील पुरुष बहुतेक सैन्यात होते. त्यामुळे बायका, म्हातारी माणसे आणि मुले यांनी गाडीला त्याच घोड्या जुंपल्या, ज्यांतल्या कितीतरी गाभण होत्या. जमिनीवरचे रस्ते तुटल्यावर हजारो गाड्या गोठलेल्या व्हिस्टुला खाडीवरून गेल्या. वरून विमानांचा मारा होत होता, बर्फाला भेगा पडत होत्या आणि काही गाड्या माणसांसकट, घोड्यांसकट खाली गेल्या. ज्या वाचल्या त्यांनी हजार किलोमीटरहून अधिक अंतर, अपुऱ्या चाऱ्यावर, दोन-अडीच महिने चालून पार केले. युद्धापूर्वी या जातीच्या हजारो नोंदणीकृत घोड्या होत्या. पश्चिम जर्मनीत पोहोचून पुन्हा नोंदल्या गेलेल्या घोड्या हजाराच्या आसपास भरतात, आणि खुद्द ट्राकेनेन केंद्रातील मूळ घोड्या तर जेमतेम पंचवीस-तीस.

हा भाग मी लांबवून सांगितला याचे कारण निव्वळ भावनिक नाही. एखाद्या जातीची सहनशक्ती मोजण्याची यापेक्षा कठोर परीक्षा कोणीही घेणार नाही, आणि आजची प्रत्येक जर्मन ट्राकेनर घोडी त्या परीक्षेतून पार पडलेल्या मोजक्या घोड्यांची वंशज आहे. 1947 मध्ये पश्चिम जर्मनीत नवी ट्राकेनर संघटना स्थापन झाली. सर्वस्व गमावलेल्या निर्वासितांनी, ज्यांच्याकडे बांधायला गोठाही नव्हता, आपल्या घोड्या शोधून, ओळखून, त्यांची वंशावळ जुळवून नोंदवही पुन्हा उभी केली. तेव्हा इतर नोंदवह्यांचे वळू वापरले असते तर संख्या झपाट्याने वाढली असती. त्यांनी तसे केले नाही, आणि मला या जातीविषयी वाटणाऱ्या आदराचे मोठे कारण हेच आहे.

एक शाखा रशियातही राहिली. तेथील किरोव केंद्रात जन्मलेल्या ‘पेपेल’ या काळ्या घोड्यावर एलेना पेतुश्कोवा यांनी 1970 मध्ये ड्रेसाजचे जागतिक विजेतेपद आणि 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सांघिक सुवर्ण जिंकले. मूळ ट्राकेनेन आज रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात आहे आणि त्याचे नाव यास्नाया पोल्याना.

आता घोडा प्रत्यक्षात कसा असतो ते पाहू. खांद्यापाशी उंची साधारणतः 160 ते 170 सेंटिमीटर. डोके कोरीव, कपाळ रुंद, डोळे मोठे, मान लांब, खांदा तिरका, पाय कोरडे (मांस-चरबी न साचलेले) आणि सांधे ठसठशीत. होल्स्टाइनर किंवा ओल्डेनबर्गच्या शेजारी उभा केला तर तो सडपातळ वाटतो. रंग सर्व चालतात. काळे, तपकिरी, तांबूस, करडे आणि क्वचित अबलखही. चालीत त्याची खरी ओळख दुडकीत पटते. जमिनीवर पाय टेकल्यानंतर पुढचे पाऊल पडण्याआधी घोडा क्षणभर हवेत थांबल्यासारखा भासतो. ही तरंगती दुडकी शिकवून येत नाही, शिंगरू कुरणात आईमागे पळतानाच ती दिसते. वाढ मात्र सावकाश होते. तिसऱ्या वर्षी खोगीर चढले तरी शरीर आणि मन भरायला सहावे-सातवे वर्ष उजाडते. ही वाट न पाहता ज्यांच्यावर लवकर ओझे टाकले गेले असे घोडेच पुष्कळदा ‘तापट’ म्हणून विकायला निघतात.

आता तो शब्द. उत्तर जर्मनीत गेल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्याकडे सात वर्षांची एक तपकिरी ट्राकेनर घोडी सोपवली होती. शर्यतीच्या घोड्यांची सवय असल्यामुळे तल्लख घोड्याची मला भीती नव्हती. पण शर्यतीतून आलेला घोडा लगामावर भार टाकतो, आणि माझे हात त्या भाराला सरावलेले होते. मी लगाम नेहमीप्रमाणे धरला. घोडी उधळली नाही की मागच्या पायांवर उभीही राहिली नाही. तिने पाठ खाली दाबली, मान वर घेतली, पावले आखूड केली आणि शेपटी सतत हलवू लागली. मी जितका आवरत होतो तितकी ती आतून आवळत होती. तबेल्याच्या वृद्ध मुख्य प्रशिक्षिकेने मला खाली उतरवले आणि पंधरा दिवस त्याच घोडीला लगामाशिवाय, जमिनीवरून लांब दोरीवर, केवळ आवाजाने आणि माझ्या उभे राहण्याच्या दिशेने चालवायला लावले. मी खांदा वळवला की ती वळत असे, मी श्वास सोडला की तिची दौड दुडकीवर येत असे. त्यानंतर पुन्हा खोगिरावर बसलो तेव्हा लगाम दोन बोटांत धरला होता आणि घोडी माझ्या मांडीखाली पाठ उचलून, तोंड चघळत, मोकळी चालत होती.

तेव्हा ‘तापट’ हा शब्द मी वापरणार नाही. संवेदनशील म्हणेन, आणि त्याचा अर्थ नेमका असा: दुसऱ्या घोड्याला जी सूचना तीन वेळा द्यावी लागते ती याला एकदाच आणि हळू दिली की पुरते. मात्र न दिलेली सूचनाही त्याला ऐकू येते. स्वाराच्या पोटऱ्या भीतीने आवळल्या, परीक्षेच्या चिंतेने श्वास अडकला, घरचे भांडण डोक्यात घेऊन कोणी खोगिरावर बसले, तर हा घोडा ते सर्व आदेश समजून त्यावर कृती करू लागतो. त्याची स्मरणशक्तीही दांडगी आहे. अन्यायाने मारलेला चाबूक तो विसरत नाही, तशी रोज एकाच वेळी, एकाच शांत आवाजात खरारा करणारी व्यक्तीही विसरत नाही. बहुतेक ट्राकेनर एका माणसाशी घट्ट जोडले जातात. प्रशिक्षण शाळेत दिवसाला पाच वेगवेगळे विद्यार्थी वाहून नेण्याचे काम त्यांना मानवत नाही. मन लावून काम करणाऱ्या एकाच स्वाराला मात्र ते आपल्याजवळचे सर्व देऊन टाकतात.

उपयोगाच्या बाबतीत आज या जातीचे पहिले क्षेत्र ड्रेसाज आहे. ‘डालेरा’ ही ट्राकेनर घोडी तुमच्या घरीही परिचित असेल. येसिका फॉन ब्रेडो-व्हेर्न्डल यांच्यासह तिने टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक आणि सांघिक, दोन्ही सुवर्णपदके जिंकली. इव्हेंटिंगसाठीही ही जात फार चांगली आहे, कारण तिथे ड्रेसाजची लवचिकता, रानातील दम आणि थरोब्रेडची चाल हे सर्व एकाच घोड्यात लागते. उड्यांच्या स्पर्धांत ‘अब्दुल्ला’सारखा ट्राकेनर वळू 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य घेऊन गेला, तरी सर्वोच्च पातळीवरच्या उड्यांसाठी मी आज होल्स्टाइनर किंवा बेल्जियन वॉर्मब्लडच आधी पाहीन.

आणखी एक उपयोग मैदानावर दिसत नाही, तो इतर जातींच्या वंशावळीत दिसतो. जड पडू लागलेल्या जातीला हलकेपणा आणि चाल द्यायची असली की पैदासकार ट्राकेनर वळूकडे वळतात. याचे उत्तम उदाहरण तुमच्या घराजवळच आहे. स्वाबियन डोंगराळ भागातील मारबाख येथील राज्य अश्वपैदास केंद्रात 1960 मध्ये ‘युल्मोंड’ नावाचा वयस्क ट्राकेनर वळू आणला गेला आणि थोड्याच वर्षांत त्याच्या संततीने शेतीकामाच्या व्युर्टेम्बर्ग घोड्याला स्वारीचा घोडा बनवले. ड्रेसाजमधील गुणांचे उच्चांक मोडणारा ‘टोटिलास’ हा नोंदणीने डच, पण त्याचा पिता ‘ग्रिबाल्डी’ ट्राकेनर होता.

आता तुमच्या घोडीविषयी. नऊ हे वय मला आवडले. चार-पाच वर्षांचा ट्राकेनर मी पंधरा वर्षांच्या मुलीला देणार नाही, मग त्याची चाल कितीही सुंदर असो. वंशपत्रिकेत आजी-आजोबांच्या ओळीपर्यंत थरोब्रेड किती आहेत ते पाहा. एकापेक्षा अधिक असतील तर घोडीला अधिक मोकळे रान आणि अधिक शांत हात लागतील. घोडीचे नाव तिच्या आईच्या नावाच्या पहिल्या अक्षराने सुरू होते का हेही पाहा. ट्राकेनर नोंदवहीत ती पद्धत आहे (डालेराची आई ‘डार्क मॅजिक’), आणि ते जुळत नसेल तर कागद अधिक बारकाईने तपासावेत. एल्कच्या शिंगांचा आजचा जोडडाग असल्यास तो, ट्राकेनेन केंद्राच्या जुन्या एकेरी डागासारखा उजव्या नव्हे तर, डाव्या मांडीवर असतो, पण जर्मनीत आता ओळख मायक्रोचिपने पटवली जाते, त्यामुळे डाग नसणे हा दोष नव्हे.

खरेदीपूर्वी पशुवैद्यक विक्रेत्याचा नसावा, तुम्ही स्वतः निवडलेला असावा, आणि पायांचे व पाठीचे एक्स-रे अवश्य काढून घ्यावेत. पुढे कधी शिंगरू घेण्याचा विचार असेल तर वॉर्मब्लड फ्रॅजाइल फोल सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची चाचणी करून घ्या. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर चारात एक शिंगरू त्या दोषाचे जन्मण्याची शक्यता असते आणि असे शिंगरू जगत नाही. वाहक घोडी स्वतः पूर्ण निरोगी असते, म्हणून केवळ स्वारीसाठी या चाचणीचे महत्त्व नाही. खाद्याच्या बाबतीत साडेपाचशे किलोच्या घोडीला दिवसाला आठ ते अकरा किलो चांगले वाळले गवत हा पाया ठेवावा आणि दाणा कामाच्या प्रमाणातच द्यावा. काम कमी आणि दाणा जास्त मिळाला, त्यातून दिवसाचे तेवीस तास खणात उभे राहावे लागले, तर याच जातीची घोडी महिन्याभरात ‘तापट’ होऊन दाखवेल. रोज काही तास इतर घोड्यांच्या सोबतीने कुरणात मोकळे सोडण्याची सोय त्या तबेल्यात आहे का, हे मी घोडीच्या किमतीच्याही आधी विचारीन.

पुण्याला आणण्याविषयी स्पष्टच सांगतो. युरोपातून घोडा भारतात विमानाने येतो, आणि महाराष्ट्रातील काही तबेल्यांत असे वॉर्मब्लड आहेतही. पहाटे आणि संध्याकाळी काम, दुपारी सावली आणि वारा, पाण्यासोबत मीठ एवढे सांभाळले तर पुण्याचे हवामान त्यांना सोसते. अडचण परतीच्या वाटेची आहे. अश्वरोगांविषयीच्या नियमांमुळे भारतातून युरोपात घोडा परत नेणे अतिशय कठीण आहे. 2023 च्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाने, ज्यात मुंबईचे हृदय छेडा होते, आपले घोडे आणि आपली तयारी युरोपातच ठेवली होती, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. तेव्हा आणायची तर कायमची आणायची असेच धरून चला, आणि तो निर्णय घोडी पंधरा-सोळा वर्षांची होण्याच्या आत घ्या.

निर्णय घेण्यापूर्वी मुलीला तीन वेळा तिथे न्या, तीन वेगवेगळ्या वेळी, आणि एकदा तरी न कळवता जा. पहिल्या दिवशी तिने खोगिरावर बसू नये. तिने स्वतः कुरणात जाऊन घोडीला आणावे, खरारा करावा, खूर साफ करावेत, आणि तुम्ही बाजूला उभे राहून घोडीच्या कानांकडे पाहावे. कान मुलीच्या आवाजाकडे वळत असतील, आणि खुरासाठी हात खाली जाताच घोडी आपणहून पाय उचलत असेल, तर दुसऱ्या भेटीत खोगीर चढवा. खोगिराचा पट्टा पोटाखाली आवळताना ती कान मागे टाकून दात दाखवू लागली, तर कारण समजेपर्यंत पैसे देऊ नका. बहुधा ते पाठीच्या दुखण्यात किंवा न बसणाऱ्या खोगिरात सापडेल, आणि ते पशुवैद्यकाला व खोगीर बसवणाऱ्या कारागिराला विक्रेत्यासमोरच दाखवून घ्यावे.